गोड पाण्याची वाडी

पश्चिम वसईत जमिनीची गोष्ट निघाली की जुनी माणसे एकर-गुंठे नंतर विचारतात. विहिरीचे पाणी गोड की मचूळ, हे आधी विचारतात. निर्मळ-भुईगावच्या पट्ट्यात आमची वडिलोपार्जित वाडी आहे, जेमतेम पाऊण एकराची. समुद्र एवढा जवळ की पावसाळ्यातल्या रात्री गाज ऐकू येते. माझा जन्म या वाडीतला असला, तरी माझे आयुष्य शाळेच्या फळ्यासमोर गेले. वाडी राखली ती थोरल्या भावाने आणि वहिनीने. सेवानिवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तेथे जातो, पडेल ते हलके काम करतो आणि पुष्कळसे पाहतो. त्या पाहण्यातले काही येथे मांडावेसे वाटते.

वाडीचे वर्ष रोहिणी नक्षत्रात सुरू होते. मेअखेरीस भाऊ मांडवाचे जुने बांबू ठोकून पाहतो, कुजलेले बदलतो, सुतळी ताणतो. आळी करून त्यांत शिराळी, पडवळ, कारली, काकडी यांचे बी टोचले जाते. पलीकडच्या वाफ्यांत भेंडी. आमची जमीन रेताड. पाणी तिच्यात थांबत नाही ही पावसाळ्यातली कृपा आणि उन्हाळ्यातली शिक्षा. तरीही चर नीट काढलेले नसतील तर वेलाची मुळे दोन दिवसांत कुजतात. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, रेल्वे बंद पडली, तेव्हा आमचे भेंडीचे सगळे वाफे पिवळे पडून गेले. भावाने त्यावर एक शब्द काढला नाही. पाणी ओसरताच त्याने तेथे लाल माठ फेकला, कारण माठ महिन्याभरात हाती येतो.

श्रावणात भाजीला मागणी वाढते, आणि भाद्रपदात ऋषिपंचमीच्या आदल्या दिवसांत वहिनीला उसंत मिळत नाही. वहिनी पहाटेच्या लोकलने मालडब्यातून पाट्या घेऊन विलेपार्ल्याला जाते. तिची तेथील गिऱ्हाइके तीस-तीस वर्षांची. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे चालत नाही, म्हणून वाडीतले अळू, माठ, भेंडी, पडवळ यांना त्या दिवसांत मान. सारी वाडी आम्ही कुदळीनेच खणतो हे त्या बायांना ठाऊक आहे. एका वर्षी शेजाऱ्याचा पॉवर टिलर आणून दोन वाफे नांगरले होते. वहिनीने ते आपणहून सांगितले, तेव्हा एका आजींनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, “बैल नाही ना? मग चालेल.” आमच्या घरी आठ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्माचा सण असतो आणि त्यांच्या घरी गौरी-गणपती; दोन्हींची भाजी एकाच मांडवाखालची.

ऑक्टोबरच्या उन्हात वेल सुकू लागले की वाल, वांगी, मुळा, मेथी, कोथिंबीर यांची पाळी येते. नाताळाच्या सुमारास वाडी दिसायला सर्वांत सुंदर असते आणि कमाई सर्वांत कमी. कारण त्या दिवसांत सगळीकडचीच भाजी बाजारात उतरते. मुळ्याची जुडी कोणी विचारीत नाही. मग ती गुरांना जाते, नाहीतर केळीच्या बुंध्याशी.

आता औषधांविषयी. वडिलांच्या काळी डीडीटीची पूड दुकानात सहज मिळे. शेतीतला तिचा वापर १९८९ मध्ये बंद झाला. पुढे मोनोक्रोटोफॉस आले. भाज्यांवर ते वापरू नये असा हुकूम २००५ मध्ये निघाला, तरी त्यानंतरही ते कोठे कोठे फवारले जात होते हे वाडीवाल्यांना वेगळे सांगायला नको. भाऊ मुळीच फवारणी करीत नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर तोच मला हटकेल. पण त्याचे काही नेम आहेत. डब्यावरचा त्रिकोण तो प्रथम पाहतो. लाल म्हणजे अतिविषारी. तो डबा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. पिवळ्यालाही तो हात लावीत नाही. निळा किंवा हिरवा असला आणि अगदीच गरज पडली तर फवारतो, आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करतो. फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये असे कागदावर लिहिलेले असते, तितके दिवस त्या वाफ्याला हात लागत नाही.

हे दिवस पाळणे किती कठीण असते, ते भेंडीला विचारावे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. चार दिवस राहिली की जून होऊन फुकट जाते. म्हणजे प्रतीक्षेचे दिवस पाळायचे तर तेवढा माल टाकूनच द्यायचा. म्हणून भाऊ रोग येण्याआधीच्या कामांवर भर देतो. केवडा पडलेले भेंडीचे झाड दिसले की ते लगेच उपटून जाळायचे, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडांना देते. वांग्याचा शेंडा मान टाकून बसला की आत अळी आहे असे समजून तो खुडायचा. फळमाशीने डंखलेली कारली तेथेच पडू न देता खोल पुरायची, आणि नरमाश्यांसाठी गंधाचे सापळे टांगायचे. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात तिचा अर्क करायचा. या सगळ्याला पैसा थोडा लागतो. माणूस मात्र रोज लागतो. वहिनीची नजर यात भावापेक्षा तेज आहे. पानाच्या मागे काय चालले आहे ते तिला चालता चालता कळते.

परंतु वाडीचे खरे मरण-जीवन पाण्यात आहे. आमच्या पायाखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते आहे. खारे किंचित जड, म्हणून ते खाली राहते. शास्त्रज्ञांचे गणित असे की समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी जितके, त्याच्या सुमारे ४० पट ते सपाटीच्या खाली असते. म्हणजेच वरची पातळी एक मीटरने उतरली तर खालचे खारे कालांतराने ४० मीटर वर चढू शकते. वडिलांना हे गणित माहीत नव्हते. त्यांच्या रहाटाला मात्र ते माहीत असावे, कारण बैल दमले की उपसा थांबे. पंपाला दम लागत नाही. शिवाय पूर्वी प्रत्येक आळीत बावखल होते; पावसाचे पाणी त्यात साचून जमिनीत मुरे. घरे वाढली तशी कित्येक बावखले मातीने भरली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, त्यात टँकरने होणाऱ्या पाणीउपशाचा प्रश्न ऐरणीवर होता. आमचे वडील त्या मोर्चांना जात. फादर २०२४ च्या जुलैत गेले. टँकर मात्र अजून धावतात.

टँकरवाला आमच्याही दारी आला होता. त्याने महिन्याला जी रक्कम सांगितली, ती वाडीच्या चांगल्या महिन्याच्या कमाईहून अधिक होती. भावाने त्याला चहा दिला आणि नाही म्हटले. शेजारच्या दोन विहिरी तोवर मचूळ झाल्या होत्या. एकीच्या काठची पानवेल कधीच गेली, आता केळीच्या पानांच्या कडा करपतात. आपण नाही म्हटल्याने पाणी वाचतेच असे नाही, कारण जमिनीखाली कुंपण नसते. हे भावालाही कळते. या बाबतीत मला कायद्याच्या धाकावर भावाच्या नकाराहून अधिक भरवसा ठेवावासा वाटतो. परंतु एकट्याच्या नकारावर किती दिवस काढायचे, हाही प्रश्न आहेच.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा वाटले, वाडी आता मिटली. काढलेली भाजी दारातच पडून. तिसऱ्या दिवशी स्टेशनकडच्या इमारतींतून माणसे पिशव्या घेऊन येऊ लागली. भाव न करता त्यांनी भाजी नेली आणि काहींनी प्रथमच विचारले की हे पिकते कसे. त्यांतली बारा-पंधरा कुटुंबे अजून शनिवारी येतात.

भाऊ आता एकाहत्तरीत आहे; गुडघे त्याला मांडवाखाली बसू देत नाहीत. पुतण्या अंधेरीला एका कचेरीत नोकरी करतो. वाडी विकावी असे त्याने कधी म्हटलेले नाही, आणि मी करीन असेही म्हटले नव्हते. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र त्याने तीन अटी घातल्या: पाटाचे पाणी बंद करून ठिबक बसवायचे, बुजत आलेले बावखल उपसायचे, आणि पंप दिवसाला दोन तासांहून अधिक चालवायचा नाही. पाटाच्या पाण्यावाचून अळू जगणार नाही, असे भावाचे म्हणणे. त्यावर बाप-लेकांत पंधरा दिवस अबोला होता. शेवटी वहिनीने अळूचे दोन वाफे न्हाणीच्या पाण्यावर नेले आणि विषय संपवला. बावखलातला गाळ निघाला, तो केळीला घातला. पुतण्याने दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या आहेत. रविवारी मिस्सा आटोपली की तो दोरी विहिरीत सोडतो, गाठी मोजतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, भावाच्या फवारणीच्या खुणांशेजारी, आकडा लिहितो.