शब्द हरवलेले कान

आनेकल तालुक्यातील जिगणीच्या औद्योगिक वसाहतीत, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर त्यांची अठ्ठावीस वर्षे गेली. मूळचे ते गडहिंग्लजचे. निवृत्तीनंतर त्यांना आवाज येई, पण शब्द कळत नसत. नात ‘साखर’ म्हणे, त्यांना ‘आखर’ ऐकू येई.

गोंगाटाचा पहिला आघात उंच स्वरांवर, साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपास होतो. म्हणून ‘स’, ‘श’ आधी निसटतात. आतल्या कानातील शंखाकृती नळीत जन्मतः सुमारे १५,००० केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर त्याच करतात. कोंबडीच्या कानात त्या मेल्या तरी पुन्हा निर्माण होतात. माणसाच्या होत नाहीत. हा भेद का, या दिशेचे संशोधन बंगळूरच्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही चालते.

मोबाइलवर एका दवाखान्याची जाहिरात आली : मूलपेशींच्या इंजेक्शनांनी श्रवणशक्ती परत. ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत होतीच. “अहो, विचारून तरी बघू,” पत्नी म्हणाली. विचारण्याआधी मुलीने वाचून काढले.

२०१२ साली शेफील्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मानवी भ्रूण-मूलपेशींपासून घडवलेल्या पेशी बहिऱ्या केलेल्या जर्बिलांच्या कानात सोडल्या. त्यांचे ऐकणे सरासरी ४६ टक्क्यांनी सुधारले. आशा खरी होती. पण तिथे दुरुस्त झाला तो श्रवणतंतू. प्रेसने मारल्या होत्या त्या केशपेशी. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : रक्तविकारांसारख्या मान्य उपचारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच व्हावा, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत.

“बाबा, जे अजून सिद्ध झालेले नाही, ते विकत कसे मिळेल?” तिने कागदावर लिहून दाखवले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

रकमेतला थोडा भाग श्रवणयंत्राला गेला. ‘साखर’ पूर्ण ऐकू आली नाही, पण नातीचे ओठ पाहत ती कळू लागली. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने व्यावसायिक आजार मानला आहे, हेही त्यांना मुलीकडूनच कळले. कारखान्यात कुणी बोलले नव्हते.

मुलगा त्याच वसाहतीत, तसल्याच प्रेसवर आहे. कानातले बोळे त्याच्या कपाटात पडून होते. सोमवारी सकाळी वडिलांनी ते स्वतः त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवले आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत दारात उभे राहिले.