बिनदाण्याचं कणीस

पुण्यातल्या आमच्या घरापुढं दहा बाय बारा फुटांची माती आहे. या शहरात एवढी माती स्वतःची असणं ही श्रीमंतीच, म्हणून तिचं काय करायचं यावर घरात चार महिने खल चालला. मला तांदुळजा, चुका आणि कडेनं अंबाडी लावायची होती. नवऱ्याचं म्हणणं, भाजी काय, कोपऱ्यावर मिळते. दारात काहीतरी बघण्यासारखं हवं. नर्सरीवाल्यानं त्याची बाजू घेतली आणि फाउंटन ग्रासचे चार गड्डे दिले. जांभळट पाती, कोल्ह्याच्या शेपटासारखे झुकलेले तुरे. ऊन तिरपं झालं की ते आतून पेटल्यासारखे दिसतात. खोटं कशाला बोलू, मलाही आवडले.

दिवाळीनंतर माय आली. युसूफ वडगावहून केज, केजहून पुणे, असा दिवसभराचा प्रवास करून. पण चप्पल काढायच्या आधी ती त्या गवतापाशी थांबली. एक तुरा मोडला, तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळला आणि फुंकर मारली. तळहात मोकळा.

"बाजरी पोसली नाही का गं यंदा?"

मी हसले. रात्री सहज शोधायला बसले, तर हसू आवरलं. बाजरी आणि हे गवत, दोघांना वनस्पतिशास्त्रानं बरीच वर्षं एकाच घराण्यात ठेवलेलं आहे, पेनिसेटम नावाच्या. आणि त्यातल्या या जांभळ्या प्रकाराला बी जवळजवळ धरतच नाही. मायनं एका फुंकरीत दोन्ही सांगून टाकलं होतं, भावकीही आणि वांझपणही. पुढं असंही कळलं, की अमेरिकेत 'पर्पल मॅजेस्टी' नावाच्या जांभळ्या बाजरीला 2003 मध्ये शोभेचं झाड म्हणून सुवर्णपदक मिळालं. सकाळी हे मायला सांगितलं.

"मग तिची कणसं कोण खातं?"

"पाखरं."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि चहाकडं वळली.

गवत कोणतं आणि भाजी कोणती, हे मी तिच्या मागं पात धरून शिकले. सोयाबीन अजून फारसं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात मूग-उडदाच्या रानात खुरपणीला बायका बसायच्या, एकेकीची एकेक पात. मायचं खुरपं चालायचं उजव्या हातात, निवड व्हायची डाव्या. उपटलेलं बरंचसं बांधाकडं, म्हशीसाठी. काही मात्र झटकून पदराच्या ओट्यात. तांदुळजा ओट्यात, घोळ ओट्यात, पाथरी थोडी. दिवस मावळेपर्यंत ओटा पोटुशी बाईसारखा दिसायचा. संध्याकाळी लसूण-हिरवी मिरची, मूठभर मुगाची डाळ, वरून शेंगदाण्याचा कूट आणि जवारीची भाकर. हे कुणी पेरलेलं नसायचं. त्याला खत नाही, पाळी नाही, भाव नाही.

सगळ्यात गमतीचं होतं कुरडूचं. कोवळी कुरडू ओट्यात जायची, आणि त्याच कुरडूला गुलाबी-पांढरा तुरा आला की ती बांधावर फेकली जायची. "तुरा आला की चव गेली," माय म्हणायची. म्हणजे झाड तेच, फक्त आठ-पंधरा दिवस इकडचे तिकडं. आणि कुरडूची सख्खी बहीण म्हणजे कोंबडा, ती तुऱ्यासाठीच कुंडीत लावतात, देवाला वाहतात. एका बहिणीचा जो गुन्हा, तेच दुसरीचं रूप.

हरळीला मात्र दोन्हीकडं जागा नव्हती. म्हैस ती आवडीनं खायची, पण खुरप्यानं कापलेली हरळी कापली असं कुणी धरायचं नाही. काळ्या रानात तिच्या काशा हात-हात खोल जातात आणि पेराएवढा तुकडा राहिला तरी पहिल्या पावसात परत डोकं काढतो. नांगरट झाली की वैशाखाच्या उन्हात आम्ही पोरी ढेकळं फोडून काशा वेचायचो. पिवळट-पांढऱ्या, गाठीगाठीच्या. बांधावर ढीग, आठ दिवस वाळवण, मग काडी. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या लेखी रानात हरळी असणं ही अब्रू जाण्याची गोष्ट होती. आणि भाद्रपदात हेच अण्णा तिच्या तीन-तीन पात्यांचे शेंडे खुडून एकवीसची जुडी करायचे आणि हात जोडायचे. यात त्यांना विसंगती कधी वाटली नाही. मलाही आता वाटत नाही.

लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा आधी सोसायटीत राहायचो. तिथं मधोमध लॉन होतं. पहिल्या दिवशी मी वाकून बघितलं आणि गार झाले. नीट कातरलेली, लाडावलेली, पण हरळीच. तिला बर्मुडा म्हणत होते. माळीदादा तिच्यातून उपटून काय फेकत होते? तांदुळजा. घोळ. मी दोन मुठी उचलून घरी आणल्या, तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "तुम्ही ससा पाळलाय का?"

2016 चा उन्हाळा त्या लॉनमुळं लक्षात आहे. मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यात, धनेगावला. ते आटलं आणि त्याच्यावर जगणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं, कारण मैदानांना लागणारं पाणी. अंतिम सामना बंगळुरूला झाला. गावाकडं जनावरं चारा छावणीत होती. मी गॅलरीतून फवारा फिरताना बघत हिशेब करायचे. कडक उन्हात चौरस मीटरला रोज पाचेक लिटर, दोनशे चौरस मीटरला हजार. फोनवर मायला सांगितलं, की इथं हरळीला पाणी पाजायलेत. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी नाही दिलं तरी मरत नाही ती. सांग त्यांना."

खरंच होतं ते. फवारा बंद झाल्यावर लॉन वाळून तपकिरी झालं आणि जूनच्या दुसऱ्या सरीला हिरवं झालं.

तसं बघितलं तर आम्हा बीडकरांनी गवताला नावं ठेवू नयेत. जवारी गवत, बाजरी गवत, ऊसही गवतच. दसरा झाला की आमच्याकडची हजारो माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती एक उंच गवत तोडायलाच. भाजी वेचायला कुणी एवढ्या लांब नेत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली दिवाळीनंतर बाकावर नसायच्या.

दिवाळीनंतर आलेली माय महिनाभर राहिली. गड्ड्यांच्या मधल्या मोकळ्या मातीवर तिनं पदराच्या गाठीतून काहीतरी भुरभुरलं होतं, ते मला आठवड्यानं कळलं. मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत बी. थंडीचं उगवायला रेंगाळलं, पण उगवलं. नवऱ्याला वाटलं तण आलं. तो उपटायला वाकला, तर ती खिडकीतून म्हणाली, "जावईबापू, राहू द्या, ते तुमच्या बाजरीला सोबत आहे."

जायच्या आदल्या दिवशी तिनं तांदुळजा खुडला. आमच्यापुरता ठेवून उरलेला शेजारी द्यायचा होता. "दोरा आण," म्हणाली. मी आत शोधाशोध करून बाहेर येईपर्यंत तिनं फाउंटन ग्रासची एक लांब जांभळी पात उपटून जुडीभोवती दोनदा फिरवली होती आणि टोक आत खोचत होती.

"चिवट हाय," ती पात ओढून बघत म्हणाली. "कामाचं हाय हे."