शिट्टी आणि हात

आमच्या शाळेच्या मैदानावर खो-खो आणि कबड्डीच चालते. बास्केटबॉलची रिंग गावात कुठेच नाही. तरी मला त्या खेळातल्या पंचांच्या खुणा येतात. माझी आतेबहीण तालुक्याच्या गावी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकते, ती हा खेळ खेळते. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही.

शिट्टी वाजली की एवढंच कळतं, की काहीतरी झालं. काय झालं ते पंचांचा हात सांगतो. बंद मूठ वर गेली तर फाउल. बोटं जुळवून उघडा पंजा वर गेला तर नियमभंग. मग कोणता नियम मोडला त्याची खूण, आणि शेवटी बोटाने दिशा, म्हणजे चेंडू आता कोणाचा. ताईच्या कानी शिट्टी पडतच नाही. बाकीच्या मुली थांबल्या की ती थांबते आणि पंचांकडे बघते.

खरा घोटाळा होतो तो रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना. तिथे ५ सेकंदांत चेंडू हातातून सुटला पाहिजे. गुरुजींनी सांगितलं, १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला, तेव्हाच्या १३ नियमांतही हे ५ सेकंद होतेच. तेव्हा रिंगच्या जागी पीच फळांच्या टोपल्या होत्या. टोपल्या गेल्या, ५ सेकंद राहिले! शिवाय चेंडू हातात असताना मैदानात पाय टाकायचा नाही. पंचांनी दाखवलेल्या जागेवरून आडवं १ मीटरपेक्षा जास्त सरकायचं नाही. मागे जायला हरकत नाही.

मागल्या डिसेंबरात मी बाबांबरोबर ताईचा सामना बघायला गेले. ताई चेंडू आत टाकणार, तर समोर एक उंच मुलगी हात पसरून उभी. शिट्टी वाजली. पंचांनी ताईच्या हातातून चेंडू घेतला आणि दुसऱ्या संघाला दिला. पंजा नाही, बोटं नाही, काही नाही. ताईने खुणेने विचारलं, काय? पंच म्हणाले, "चल, चल, खेळ." तोंडाने! ताई एकदा पायाकडे बघे, एकदा रेषेकडे. बाबा म्हणाले, "अगं, त्या पोरीनं केलं तरी काय?" मला तरी कुठे ठाऊक!

पुढच्या वेळी ताई रेषेपासून चांगली हातभर मागे उभी राहिली. तिला वाटलं होतं की पाय आत पडला. पुन्हा वेळ गेला. ह्या वेळी तिथे दुसरे पंच होते. त्यांनी शिट्टी फुंकून पंजा वर केला, मग ५ बोटं पसरून ताईला नीट दाखवली आणि दिशा दाखवली. ताईने कपाळावर हात मारला, हसली आणि पळाली. बाबा म्हणाले, "पाच! म्हंजे उशीर झाला व्हय!" तिसऱ्यांदा ताईने चेंडू घेतला तो लगेच टाकला.

ज्यांना हात उचलायचा कंटाळा, त्यांनी शिट्टीही खिशातच ठेवावी असं मला वाटतं.

सुट्टीत ताई आली की आम्ही खळ्यात खेळतो. बूड गेलेलं घमेलं कडुनिंबाला बांधलंय, तीच रिंग. पंच मी. शिट्टी घेतच नाही. हात हलवून सेकंद मोजते आणि ५ झाले की बोटं दाखवते. ताई मुकाट्याने चेंडू देते. धाकटा भाऊ मात्र भांडतो, मी भरभर मोजते म्हणून.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी