चालत्या मोटारीचा पंचनामा

साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात माझे वडील, अण्णा, ३१ वर्षे बेलिफ होते. जप्तीचे वॉरंट घेऊन ते गावोगाव जात आणि परतल्यावर ओसरीवर बसून दिवसभरात केलेल्या पंचनाम्याची नक्कल पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहत. त्या वाचनातील ‘मौजे’, ‘समक्ष’, ‘चतुःसीमा’ हे शब्द अर्थ कळण्याच्या आधीच माझ्या कानांत मुरले. अण्णांचा एक नियम होता. साक्षीदाराची जबानी त्याच्या स्मरणातून येते आणि स्मरण हे नेहमी माणसाच्या बाजूचे असते. पंचनामा मात्र जागेवर उभे राहून, डोळ्यांसमोर आहे तेवढेच लिहून करायचा असतो, म्हणून पंच कोठे उभे राहिले याला पंचांनी काय पाहिले याच्याइतकेच महत्त्व असते, असे ते म्हणत. या नियमाचा खरा अर्थ मला उमगला तो साताऱ्यापासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, कॅलिफोर्नियातील मॉन्टेरेजवळच्या लागुना सेका या शर्यतपथावर, माझ्या लहानशा दोन आसनी मोटारीत कॅमेरा बसवताना.

लागुना सेका म्हणजे स्पॅनिश भाषेत कोरडे सरोवर. जवळच्या पेबल बीच येथील झाडीतून जाणाऱ्या रस्त्यांवर पूर्वी शर्यती होत. १९५६ साली तेथे एका चालकाचा मृत्यू झाल्यावर त्या बंद पडल्या आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, या कोरड्या सरोवराभोवतीच्या टेकड्यांवर स्वतंत्र पथ बांधण्यात आला. त्याची लांबी सुमारे ३.६ किलोमीटर आणि वळणे ११. परंतु जगभर त्याची ख्याती आहे ती आठव्या वळणामुळे, ज्याला पिळदार उतरणीवरून कॉर्कस्क्रू असे नाव पडले आहे. चढण संपते त्या माथ्यावर रस्ता डावीकडे वळून दृष्टीआड होतो, लगेच उजवीकडे वळतो, आणि अवघ्या १३७ मीटरांत १८ मीटर, म्हणजे सुमारे सहा मजले, खाली उतरतो. माथ्यावर येणाऱ्या चालकाला पुढचा रस्ता दिसतच नाही. पलीकडच्या ओकवृक्षांच्या शेंड्यांवर दृष्टी ठेवून, रस्ता तेथे आहे या विश्वासावर, त्याला मोटार वळवावी लागते.

या पथावर वर्षातून काही दिवस सामान्य मोटारधारकांसाठी राखलेले असतात, त्यांना ट्रॅक डे म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक नसतात, बक्षिसे नसतात. चालकांचे अनुभवानुसार गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाला साधारण २० मिनिटांची एकेक फेरी मिळते, आणि पुढच्या चालकाने हात दाखवून अनुज्ञा दिल्याखेरीज त्याला ओलांडता येत नाही. माझी मोटार म्हणजे माझ्दा मियाता, १.८ लिटर इंजिनाची, उघड्या टपाची आणि हलक्या बांध्याची. सामर्थ्याने नव्हे, तर कौशल्याने चालवावी लागणारी ही मोटार मला प्रिय आहे. ती चालकाला शिकवते आणि शिकणाऱ्याला क्षमाही करते.

पहिल्यांदा मी वसंत ऋतूत गेलो तेव्हा शेजारच्या आसनावर एक वयस्क, मितभाषी शिक्षक बसले होते. फेरी संपल्यावर त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या: कॉर्कस्क्रूच्या आधी तुम्ही ब्रेक लावण्याच्या बऱ्याच आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडता, तुमचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर विसावलेला असतो, आणि तुमची दृष्टी मोटारीच्या नाकाच्या पुढे जात नाही. मी नम्रपणे मान डोलावली, परंतु अंतःकरणात यांतले एकही विधान मला मान्य झाले नाही. मला माझा पाय ब्रेकवर जोराने पडल्याचे स्पष्ट आठवत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्याचे आठवत होते, ओकवृक्षही आठवत होता. दोन जबान्या परस्परविरुद्ध होत्या आणि तिसरा पुरावा नव्हता.

खरे तर त्या दिवशी माझ्यापाशी कॅमेरा होता. पुढच्या काचेला आतून चिकटणाऱ्या, हवा काढून घट्ट बसणाऱ्या रबरी वाटीवर मी तो लावला होता आणि सकाळी तपासणीच्या रांगेत मोठ्या अभिमानाने उभा राहिलो होतो. तपासनिसांनी चाकांचे नट पाहिले, बॅटरी हलवून पाहिली, हेल्मेटची मुद्रा पाहिली, आणि मग कॅमेऱ्याला हात घालून तो जोराने ओढला. समुद्रावरून आलेल्या पहाटेच्या धुक्याने काच दमट झाली होती. वाटी सुटून कॅमेरा त्यांच्या हातात आला. रागावण्याचा लवलेशही न दाखवता त्यांनी मला हिशेब समजावून सांगितला. कॅमेऱ्याचे वजन १५० ग्रॅम. मोटार भिंतीवर आदळली आणि तिचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट बलाने थांबला, तर कॅमेऱ्याला रोखून धरणाऱ्या आधारावर सहा किलोंचा भार येतो; तो आधार सुटला, तर तीच वस्तू गोळ्यासारखी तुमच्या किंवा शिक्षकांच्या चेहऱ्याकडे येते. म्हणून धातूच्या शिकंज्याने मोटारीच्या सांगाड्याला पक्का धरलेला आणि वर वेगळ्या दोरीने बांधलेला, असाच कॅमेरा ते चालू देत. त्या दिवशी मी कॅमेऱ्याविना मोटार चालवली आणि घरी परतलो तो एक कार्य घेऊनच.

उघड्या टपाच्या मोटारीला या दिवसांसाठी आसनांच्या मागे पोलादी नळीची कमान, म्हणजे रोल बार, बसवावी लागते. मोटार उलटली तर चालकाचे डोके तिच्यामुळे वाचते. तिची परीक्षा झाडूच्या दांड्याने करतात: कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत दांडा ठेवला असता हेल्मेट घातलेले डोके त्याच्या खाली राहिले पाहिजे. जी नळी माझ्या प्राणांची हमी घेते तिच्यावरच साक्षीदाराला उभे करावे, असे मी ठरविले. बाजारातून नळीला आवळणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प आणला, त्याच्या आणि नळीच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घातली, आणि कॅमेरा दोन्ही आसनांच्या मधोमध, खांद्याच्या उंचीवर बसवला. प्रारंभी चांगले दृश्य मिळावे म्हणून एक वीतभर लांब दांडी वापरली. तिचे फळ पहिल्याच चाचणीत मिळाले. अशा कॅमेऱ्यात चित्र एकदम उमटत नाही, ते ओळीमागून ओळ वाचले जाते, आणि त्या अल्पावधीत कॅमेरा थरथरला की सरळ रेषा पाण्यातल्या प्रतिबिंबासारख्या लहरतात. दांडी जितकी लांब तितका थरथराट अधिक, हे कळल्यावर मी ती काढून टाकली आणि कॅमेरा नळीला जवळजवळ टेकवून बसवला. शेवटी एक बारीक पोलादी दोरी कॅमेऱ्यातून ओवून नळीभोवती स्वतंत्रपणे अडकवली.

मग चतुःसीमेचा प्रश्न आला, आणि माझे बहुतेक उन्हाळी रविवार त्यातच गेले. कॅमेरा केवळ रस्त्याकडे रोखला तर दृश्य रम्य येते, परंतु त्यातून चालकाविषयी काहीच कळत नाही. केवळ हातांकडे रोखला तर हात कशासाठी हलले हे कळत नाही. ज्या चौकटीत कारण आणि कार्य दोन्ही मावतात तीच उपयोगाची. म्हणून माझ्या चौकटीच्या डाव्या कडेला माझ्या हेल्मेटची उजवी बाजू, मध्यभागी स्टिअरिंग आणि दोन्ही हात, खाली गिअरचा दांडा, आणि वर काचेतून रस्ता व क्षितिज, अशी सीमा मी आखली. मोटारीचा अंतर्भाग काळोखा आणि रस्ता लख्ख असल्याने कॅमेरा अंधाराला भुलून रस्ता पांढराफटक करून टाकत असे. प्रकाशाचे मापन रस्त्यावरून घेण्यास लावल्यावर हा दोष गेला. थरथराट पुसून टाकणारी योजना कॅमेऱ्यात होती, तीही मी बंद केली, कारण ती चित्र बाहेरच्या जगाशी स्थिर ठेवू पाहते आणि मग मोटारच बोटीसारखी डोलताना दिसते. मायक्रोफोन आसनाच्या मागे, स्पंजात गुंडाळून ठेवला. वाऱ्याचा घोंगाट मावळला आणि इंजिनाचा स्वर निर्मळ ऐकू येऊ लागला. त्या वेळी ही मला केवळ टापटीप वाटली होती. पुढे हाच स्वर सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार ठरला.

त्या रविवारांत काम करताना मला पुनःपुन्हा एका मोटारीची आठवण येत असे. १९७० च्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत स्टीव्ह मॅक्वीनच्या चित्रपटासाठी एक पोर्श ९०८ प्रत्यक्ष शर्यतीत उतरविण्यात आली होती. तिच्या अंगावर अवजड चित्रपट-कॅमेरे बसवलेले होते, हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स ती चालवत होते, आणि फिल्म बदलण्यासाठी तिला वारंवार थांबावे लागे. पाऊस आणि काळोख यांतून ती अखेरपर्यंत धावली; परंतु त्या थांब्यांमुळे पुरेसे अंतर न भरल्याने अधिकृत निकालात तिची गणना झाली नाही. क्रमांकासाठी नव्हे, तर जे घडले ते जसेच्या तसे टिपण्यासाठी २४ तास धावणाऱ्या त्या चालकांविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी ज्यासाठी एवढा भार वाहिला, ते माझ्या पिढीला तळहाताएवढ्या पेटीत मिळाले आहे. ती पेटी केवळ शोभेसाठी लावणे हा त्या श्रमांचा अवमान झाला असता.

शरद ऋतूत मी दोन दिवसांसाठी पुन्हा गेलो. तपासनिसांनी क्लॅम्प दोन्ही हातांनी ओढला, पोलादी दोरीचा फास पाहिला, आणि काही न बोलता काचेवर मंजुरीची चिठ्ठी लावली. कॅमेरा उभ्या गाडीतच सुरू करायचा आणि फेरी संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा तेथील दंडक. तो इतका योग्य आहे की दोन वळणांनंतर मी कॅमेऱ्याचे अस्तित्वही विसरलो.

रात्री निवासस्थानाच्या खोलीत मी चित्रफीत लावली. सेकंदाला ६० चौकटी असल्याने काळाची फोड करणे सोपे होते. कॉर्कस्क्रूकडे चढत जाणारी मोटार, ओकवृक्ष, आणि मग इंजिनाचा स्वर एकाएकी खाली आला. मोटारीचे नाक मात्र वाकले नाही. ब्रेक लागताच नाक वाकते आणि चौकटीत समोरच्या टेकडीची कड वर सरकते. ती कड जागची हलली नव्हती. मी एकेक चौकट मोजली. स्वर उतरल्यापासून कड वर सरकेपर्यंत ५४ चौकटी गेल्या होत्या. म्हणजे ०.९ सेकंद, ताशी १३० किलोमीटर वेगाने सुमारे ३२ मीटर अंतर, माझा पाय ना अ‍ॅक्सिलरेटरवर होता ना ब्रेकवर. मला आठवत असलेला तो जोरदार ब्रेक खरा होता; परंतु त्याच्या आधीचे ते भयाचे ३२ मीटर माझ्या स्मरणाने पार पुसून टाकले होते. उजवा हात गिअरच्या दांड्यावर होता, एकदा नव्हे, जवळजवळ प्रत्येक सरळ पट्ट्यावर. साताऱ्यात मोटार शिकलो तेव्हा गिअर डाव्या हाताला होता. येथे हात बदलला, परंतु विसाव्याची सवय त्याने बरोबर आणली. आणि हेल्मेट? स्टिअरिंग डावीकडे फिरल्यानंतर हेल्मेट वळत होते. दृष्टीने हातांना न्यायचे, तर माझे हातच दृष्टीला ओढून नेत होते.

या पुराव्यालाही मर्यादा आहेत, हेही नमूद केले पाहिजे. रुंद भिंगामुळे कॉर्कस्क्रूची ती छाती दडपून टाकणारी उतरण पडद्यावर सपाट मैदानासारखी दिसते. पोटात पडलेला खड्डा कोणत्याही चौकटीत नाही. त्या ०.९ सेकंदात मला काय वाटले हे कॅमेरा सांगू शकत नाही. परंतु त्या ०.९ सेकंदाचे अस्तित्वच जो नाकारत होता, त्या मला तेवढे पुरेसे होते.

मी साताऱ्याला फोन केला. तेथे सकाळ झाली होती. अण्णांना मी सारे सविस्तर सांगितले आणि त्यातील एक तुकडा पाठवला. वेग, टेकड्या, वळणे यांविषयी ते काही बोलले नाहीत. चित्रफीत पाहून थोड्या वेळाने त्यांनी विचारले,

“यात तारीख कुठाय रे? वार, वेळ, हजर कोण होतं, काहीच नाही. याला पंचनामा म्हणायचा कसा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी मी स्वच्छ मराठीत तारीख, वार आणि वेळ उच्चारली. हवामान सांगितले, चारही चाकांतील हवेचा दाब सांगितला, आणि शेजारी बसलेल्या शिक्षकांची उपस्थिती नोंदवली. ती भाषा त्यांना समजली नाही. तिचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. चढणीवर या वेळी मी पाय काढला नाही. शिक्षकांनी दाखविलेल्या खुणेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला आणि मग एकाच निश्चयाने ब्रेक लावला.

त्या रात्री पुन्हा चौकटी मोजल्या. ५४ च्या जागी १२ होत्या. उजवा हात दोनदा दांड्यावर रेंगाळला होता, ते मी वहीत लिहून ठेवले. आणि माथ्यावर, जेथे रस्ता दिसत नाही, तेथे चौकटीच्या डाव्या कडेला एक हेल्मेट सावकाश डावीकडे वळताना दिसले. स्टिअरिंग त्या वेळी अद्याप सरळ होते.