पाणकावळे किती झाले म्हणजे फार झाले?

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाणकावळ्याची शिकार खुली करण्याचा प्रस्ताव मांडला. मोसम १५ मार्च ते ३१ डिसेंबर, आणि एका शिकाऱ्याला दिवसाला ५० पक्षी. हिशेब केला तर एका बंदुकीला एका मोसमात १४,६०० पक्षी मारायची मुभा, तीही विणीचा सगळा काळ धरून. आईबाप मेल्यावर घरट्यातल्या पिल्लांचे काय होणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. विरोध झाला, शास्त्रज्ञांनी पत्रे लिहिली, आणि जुलै २०२० च्या अखेरीस नियम सौम्य होऊन आला : १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, दिवसाला १५ पक्षी. तडजोड झाली म्हणून अनेकांनी समाधान मानले. पाणपक्ष्यांच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्या मला मात्र ते मान्य नाही. आकडे खाली आले, पण मुळातली चूक तशीच राहिली. खुली शिकार आणि संख्येचे नियमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरीचे नाव देऊन आपण पक्ष्याचेही नुकसान करतो आणि तक्रार करणाऱ्या मासेमाराचेही.

आधी ‘फार झाले’ या शब्दांकडे पाहू. आपल्या तळ्यांवर पंख पसरून वाळवत बसणाऱ्या पाणकावळ्याचाच हा उत्तर अमेरिकी भाऊबंद. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली, की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पंचमहासरोवरांवर जेमतेम सव्वाशे जोड्या उरल्या होत्या. डीडीटीवर बंधने आली, अमेरिकेने १९७२ मध्ये या पक्ष्याला संघीय संरक्षण दिले, आणि २००० च्या सुमारास तिथे लाखाहून अधिक जोड्या वीण करू लागल्या. ऑन्टारिओच्या २०१९ च्या गणनेत ३४४ वसाहतींमध्ये वीण करणारे किमान १,४३,००० पक्षी मोजले गेले. ज्यांचे बालपण पक्षी नसलेल्या सरोवरांवर गेले, त्यांना ही वाढ आक्रमण वाटली तर नवल नाही. पण ज्या काळाशी ते तुलना करतात, तो विषारी झालेल्या पाण्याचा काळ होता. त्या काळाला निसर्गाची मूळ स्थिती मानून आजची संख्या जास्त ठरवता येत नाही.

तरीही नुकसान खोटे नाही, आणि पक्षिप्रेमींनी ते नाकारू नये. एक पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलो मासे खातो. न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा तलावावरच्या दीर्घ अभ्यासात पाणकावळे वाढल्यावर पर्च आणि वॉलआय या माशांची तरुण पिढी घटल्याचे दिसले. हजारो घरट्यांखालच्या विष्ठेने झाडे वाळतात, बेटेच्या बेटे उघडी पडतात. पण हे नुकसान त्या त्या जागेपुरते असते. एका तलावात मासा खरोखर घटतो, तर दुसरीकडे पक्ष्याचे मुख्य खाणे राउंड गोबी असते. काळ्या समुद्राच्या परिसरातून जहाजांबरोबर आलेला आणि १९९० मध्ये या सरोवरांच्या टापूत प्रथम सापडलेला तो उपरा मासा कमी व्हावा, असे मासेमारांनाही वाटते. म्हणून प्रश्न कुठल्या बेटावर, कुठल्या तलावात, किती घरटी, असा विचारला पाहिजे.

शरद ऋतूतली शिकार नेमके हेच विचारत नाही. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वीण संपलेली असते, वसाहती मोडलेल्या असतात, पक्षी विखुरतात आणि दक्षिणेकडे निघतात. तेव्हा पडलेला पक्षी झाडे वाळवणाऱ्या बेटावरचा होता की शंभर मैलांवरच्या निरुपद्रवी खडकावरचा, हे शिकाऱ्याला कळणे शक्य नाही. मारल्या गेलेल्यांत त्याच वर्षी जन्मलेली पिल्लेही असतात, आणि त्यांतली बरीचशी पहिल्या हिवाळ्यात तशीही दगावतात. पाणकावळ्यासारख्या दीर्घायुषी पक्ष्याची संख्या प्रामुख्याने प्रौढ किती जगतात यावर ठरते. उत्तर अमेरिकेतील हिमहंसांच्या बाबतीत हा धडा मिळाला होता. हडसन उपसागराकाठचा टुंड्रा त्यांनी खरवडून काढला, म्हणून १९९९ पासून शिकारीवरची बंधने सैल केली गेली, ध्वनिमुद्रित आवाजांनी पक्षी बोलावण्यासही परवानगी मिळाली. मारल्या जाणाऱ्या हंसांची संख्या वाढली, तरी पुढची कित्येक वर्षे मध्यखंडातले थवे वाढतच राहिले, कारण प्रौढांच्या जगण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. आणि हा हंस निदान खाल्ला जातो. पाणकावळा क्वचितच कोणी खातो, म्हणून ऑन्टारिओच्या नियमात मेलेल्या पक्ष्याची विल्हेवाट कशी लावायची, याची तरतूद करावी लागली.

‘मग हातावर हात ठेवून बसायचे का?’ असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. टोरोंटोच्या टॉमी थॉम्पसन पार्कमध्ये या पक्ष्याची फार मोठी वसाहत आहे. तिथे नव्या झाडांवर घरटी बांधू लागताच, अंडी पडण्याआधी, पक्ष्यांना हुसकले जाते आणि जमिनीवर वीण करायला उत्तेजन दिले जाते. मोठ्या प्रमाणात घरटी जमिनीवर आली आणि त्यासाठी गोळी झाडावी लागली नाही. ईरी सरोवरातल्या मिडल आयलंडवर दुर्मीळ वृक्षराजी वाचवण्यासाठी राष्ट्रीय उद्यानाच्या यंत्रणेने २००८ पासून वसाहतीतच पक्षी मारले. मला त्यात आनंद नाही, पण तिथे उद्दिष्ट ठरलेले होते आणि घरट्यांची मोजदाद होत होती, म्हणून त्या निर्णयाशी वाद घालता येतो, तो तपासता येतो. दिवसाला १५ या नियमात तपासण्यासारखे काय आहे? एकूण किती मारायचे याची मर्यादा नाही, कुठल्या वसाहतीत किती घरटी उरावीत हे ठरलेले नाही.

मासेमारांचे निरीक्षण कमी लेखू नये. आपल्या तळ्यात काय बदलते आहे ते त्यांना आधी दिसते. त्यांच्या तक्रारीला उत्तर द्यायचे तर त्या तळ्यातले मासे मोजा, पक्ष्यांच्या पोटातले खाद्य तपासा, आणि गरज असेल तिथे वसंतातच, अंडी उबू नयेत म्हणून, त्यांवर तेल लावा. कष्टाचे काम आहे, दरवर्षी करावे लागते, आणि त्याला प्रशिक्षित माणसे लागतात. ऑन्टारिओने शरदातली ही खुली शिकार मागे घ्यावी आणि तोच पैसा व मनुष्यबळ एप्रिलमध्ये त्या मोजक्या बेटांवर पाठवावे.