चुकारा

मराठी ग्रामीण कादंबरीवरील समीक्षेत, आणि आम्ही वर्गात उतरवून देतो त्या टिपणांत तर हमखास, 'व्यवस्था' हा शब्द येतो. शेतकरी व्यवस्थेने पिचलेला असतो, नागवलेला असतो, शेवटी तिच्यापुढे हतबल झालेला असतो. ही व्यवस्था म्हणजे नेमके कोण, तिच्यात कोण कोणत्या कारणाने काय करते, असे विचारले की उत्तरपत्रिका गप्प होतात. सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी छळतो. मी कापूस पिकवणाऱ्या घरातला. माझ्या बालपणी व्यवस्थेला एक नाव होते, एक फाटक होते आणि त्या फाटकापुढे बंड्यांची रांग होती. ते नाव म्हणजे महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना.

आज पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या मुलांना ही योजना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ च्या हंगामापासून राज्यातील शेतकऱ्याचा कापूस विकत घेण्याचा अधिकार एकट्या शासनाकडे आला. व्यापाऱ्याने तो घ्यायचा नाही, शेतकऱ्याने तो राज्याबाहेर न्यायचा नाही. हमीभाव आधी जाहीर व्हायचा. कापूस घेऊन, सरकी काढून, गाठी बांधून विकल्यावर नफा उरला तर त्यातला वाटा शेतकऱ्याला मिळायचा.

या योजनेची आज टिंगल करणे सोपे आहे. ती का आली, हे मात्र विसरून चालणार नाही. वऱ्हाडातला कापूस बाजार जुना. कारंज्याचा बाजार १८८६ मध्येच नियमनाखाली आला होता आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस-धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, म्हणजे मापातल्या आणि भावातल्या लबाडीचा बंदोबस्त ही इथली शंभर वर्षांची गरज होती. रुमालाखाली दोन हात एकमेकांची बोटे दाबीत भाव ठरवीत, आणि ज्याचा कापूस तो बाजूला उभा राहून रुमालाच्या हालचालीकडे पाहत असे, हे आजोबांच्या तोंडून मी ऐकले आहे. अशा माणसाला पेरणीनंतर का होईना, भाव आधी कळणार होता. त्या पिढीला योजनेविषयी वाटलेले ममत्व खोटे नव्हते.

पण भाव ठरवला म्हणजे बाजार संपला, असे होत नाही. तो जागा बदलतो. आमच्या भागात तो पैनगंगेच्या उतारावर गेला.

पैनगंगेपलीकडे तेव्हा आंध्र प्रदेश होता. आदिलाबादचा बाजार आता तेलंगणात आहे. पलीकडे भाव चढा असला की अलीकडचा कापूस रात्री नदी ओलांडायचा. हिवाळ्यात पाणी उतरलेले असे, बैलांच्या गळ्यातली घुंगरे काढून ठेवलेली असत. खानदेशातला कापूस असाच सेंधव्याकडे जाई. आमच्या नात्यातल्या एका काकांना कोणीतरी कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले होते, "भाव तिकडं हाये, तं कापूस तिकडंच जाईन ना बाप्पा!" अर्थशास्त्राच्या पुस्तकात यासाठी आलेख काढावा लागतो.

आणि पलीकडे भाव पडला की? मग उलटी वाट. परराज्यातला कापूस अलीकडच्या कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढून केंद्रावर यायचा. म्हणजे तेजीत योजनेच्या वाट्याला उरलासुरला माल आणि मंदीत साऱ्या दुनियेचा. तोटा केवळ भ्रष्टाचारामुळे झाला असे आपण म्हणतो, तेव्हा ही साधी गोष्ट नजरेआड करतो. भ्रष्टाचार होताच. पण देवमाणसे नेमली असती तरी, जिथे मिळकत फक्त वाईट वर्षीच शेतकऱ्याला आपल्या दारी आणते, तिथे तिजोरी भरली नसती. त्यात निवडणुकीच्या तोंडावर हमीभावावर काही रुपये अधिक जाहीर करण्याचा मोह. तो मोह कोणत्याच पक्षाला आवरला नाही.

मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट, कारण ती माणसाच्या हाताशी संबंधित आहे. कापूस वेचणे हे कसब आहे. पूर्ण उमललेले बोंड निवडायचे, पातीचा कचरा येऊ द्यायचा नाही, कवडी वेगळी ठेवायची. आईचा हात यात इतका स्वच्छ होता की तिने वेचलेल्या कापसात वाळके पान शोधावे लागे. केंद्रावर मात्र ग्रेडर बंडीवर हात खुपसून मूठभर कापूस काढी, क्षणभर बघे आणि प्रत सांगे. चांगल्या आणि बऱ्या प्रतीतले अंतर थोडे आणि ते ठरवणारा डोळा एकच. त्याच्याशी घासाघीस करायला दुसरे गिऱ्हाईक नाही. काही वर्षांत गावाने धडा घेतला. कवडी मिसळू लागली, फरदडीचा आखूड धागा चांगल्यात जाऊ लागला, रात्री गंजीवर पाणी शिंपडले जाऊ लागले, कारण वजन मात्र काट्यावर खरे उतरे. महाराष्ट्राचा कापूस कचऱ्याचा, अशी गिरण्यांत ख्याती झाली. यात कोणी मुळात दुष्ट नव्हते. आई तेवढी जन्मभर कवडी वेगळी ठेवत राहिली. तिला त्याचे चार पैसे अधिक मिळाले नाहीत.

आता 'चुकारा'. विकलेल्या मालाच्या रकमेला आमच्याकडे हा शब्द. 'चुकवणे', 'चुकते करणे' याच धातूतला. केंद्रावर माल घातला की पावती मिळे, पैसे मागाहून येत, तेही तुकड्यांनी. दिवाळी गेली, संक्रांत गेली, चुकारा आला का, हे गावातले कुशल विचारण्याचे वाक्य झाले होते. माझी अकरावीची फी वडिलांनी चुकाऱ्याच्या पावतीवर उसने काढून भरली. उसने देणारा तोच, ज्याच्या तावडीतून सोडवण्यासाठी योजना आली होती. रोखीची नड असलेला लहान शेतकरी आपली पावती कमी पैशांत त्याच्या हवाली करी आणि पूर्ण चुकारा पुढे तो घेई. हमीभाव कागदावर तंतोतंत पाळला जात होता.

२००२ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि एकाधिकार नावापुरताही राहिला नाही. आमच्या गावात व्यापाऱ्याचा टेम्पो थेट अंगणात आला, नोटा तिथेच मोजल्या गेल्या. नदी पुन्हा नुसती नदी झाली. पण मोकळ्या बाजाराचे स्तोत्र मला गाता येत नाही. त्याच दशकात यवतमाळ हे नाव देशभर कशासाठी पोचले, हे सर्वांना ठाऊक आहे. बोलगार्डची महाग पाकिटे, कोरडवाहू जमीन, जगभर उतरणारा रुईचा भाव, यांपुढे अंगणातला टेम्पो कितीसा पुरणार?

शिवाय शासनाने बाजारातून हात काढला, असेही झाले नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला; आणि त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये, बोंडे फुटायच्या आधी, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेर माफ करण्यात आले. कापड उद्योगाला स्वस्त रुई हवी होती आणि त्याचीही अडचण खरी होती. पण एका हाताने भाव धरायचा आणि दुसऱ्या हाताने तो सैल करायचा, ही रीत माझ्या ओळखीची आहे. हमीभावाच्या खरेदीला आता ॲपवर नोंदणी लागते. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की दर उतरतो, बारावर गेला की बंडी परत. निदान यंत्र ग्रेडरच्या डोळ्यासारखे मूडवर चालत नाही.

परवा एम.ए. च्या वर्गात मी 'चुकारा' हा शब्द फळ्यावर लिहिला. तिसांपैकी दोघांना तो माहीत होता. एकीने अर्थ बरोबर सांगितला. दुसऱ्याने अर्थ सांगितला नाही. त्याच्या आजोबांच्या पेटीत अशा पावत्या अजून आहेत, एवढेच म्हणाला. त्या आणता येतील का, असे मी त्याला विचारले आहे.