एकच मागणी

गावात माझं अक्षर बरं. म्हणून निवेदनं लिहायचं काम बारावीत असतानाच माझ्या गळ्यात पडलं. ‘प्रति, माननीय आमदार साहेब’पासून ‘आपले नम्र, समस्त गावकरी मंडळी’पर्यंत सगळा मजकूर पाठ होता. सुरुवातीच्या कागदांवर ‘जि. अकोला’ असायचं. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा जिल्हा झाला आणि मी ‘जि. वाशीम’ लिहू लागलो. कलेक्टर कचेरी जवळ आली. मागण्या मात्र त्याच राहिल्या.

सभामंडप, प्रवासी निवारा, समाजमंदिराची भिंत, सिमेंट रस्ता, डीपी, शाळेची खोली. हायमास्ट दिवा नंतर आला. दहा-बारा मागण्या एका कागदावर, अन् ज्याचा आवाज मोठा त्याची मागणी वर. पाणंद रस्ता कायम सातवा नाहीतर आठवा. पाहुणा गावात आला की त्याला मंडप दिसतो, दिवा दिसतो. पाणंद पाहायला कोण जातं? तिथं नारळ फोडायलासुद्धा धड कोरडी जागा नाही.

आमची पाणंद दोन किलोमीटरची, सगळी काळी माती. मृगाचा पाऊस पडला की दसऱ्यापर्यंत गाडीचं चाक आखापर्यंत रुततं. सोयाबीन सोंगून सुड्या लावल्या आणि परतीचा पाऊस आला, की मळणीयंत्र आत जात नाही अन् माल बाहेर येत नाही. शेंगांना जागेवर कोंब फुटतात. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन चिखल तुडवतात. एका पावसाळ्यात माझ्या चुलत काकूला वावरात साप चावला. बाजेवर टाकून चौघांनी आणलं. एकाचा पाय घसरला की बाज कलंडायची. दवाखान्याची गाडी पाणंदीच्या तोंडाशी उभी होती, पण तिथवर यायलाच तास गेला. काकू वाचली. तेव्हापासून तिचा एकच धोशा.

काही वर्षांपूर्वीच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमदारांना द्यायच्या मागण्यांचा ठराव निघाला. मंडप एक नंबरला. काकू मागून उठली. एरवी सभेत बाया बसतात, उठत नाहीत.

“माह्या वावरातलं सोयाबीन घरी येत नाई, अन् तुम्ही मंडप बांधू रायले. देव काय मले वावरातून उचलून आणते का?”

लोक हसले. एक मेंबर म्हणाला, “काकू, २५१५ मधून गावातलं काम होते, वावरातलं नाई होत.”

तो खोटं बोलत नव्हता. आमदारांनी सुचवलेल्या कामांसाठी ग्रामविकास खात्याचं हे २५१५ चं लेखाशीर्ष. आमच्याकडे शेंबडं पोरगंही त्याला ‘पंचवीस-पंधरा’ म्हणून ओळखतं. ते गावांतर्गत मूलभूत सुविधांचं. म्हणजे ज्या खात्यात पैसा, त्या खात्यात बसेल तीच गावाची गरज, असा उलटा हिशोब चालतो. आमचा जिल्हाच याचा साक्षीदार आहे. पैनगंगेवर बॅरेज झाले, पाणी अडलं, पण काठावरच्या शेतकऱ्यांना पंपाच्या विजेसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

तेवढ्यात एका पोरानं मोबाइल काढून हिशोब मांडला. आमदार निधी २०२२ ला वर्षाला ५ कोटी झाला. जिल्ह्यात तालुके ६, आमदार ३ : रिसोड, वाशीम, कारंजा. ग्रामपंचायती पाचशेच्या घरात. म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला दीडशेच्या वर. शहरं बाजूला ठेवली तरी गावाला वर्षाचे तीन लाख पडतात. अन् एक किलोमीटर पाणंद नीट करायची तर वीस लाखांच्या वर. बारा मागण्या कशात बसवता?

सभा थोडी शांत झाली. मग ग्रामसेवक साहेबांनी दुसरी बाजू सांगितली. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीकडे थेट येतो. त्यातला ६० टक्के पाणी अन् स्वच्छतेला बांधलेला, पण ४० टक्के गावाच्या हातात. नाली, नळ, दिवा यांच्यासाठी आमदाराच्या दारी जायचं कारण नाही. जे आपल्याच्यानं होत नाही, तेवढंच मागा. पाणंदीसाठी २०२१ पासून मातोश्री पाणंद योजना आहे, रोजगार हमीशी जोडलेली. तिथं आमदाराचा शब्द कामी येतो.

दोन तास भांडण झालं. मंडपवाले दोघं उठून गेले. ठरावात शेवटी एकच ओळ उरली. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्ध्या पानाचं निवेदन लिहिलं.

आमदारांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. कदाचित लहान होतं म्हणून वाचलं असेल. म्हणाले, “पाणंद मोकळी आहे का? अतिक्रमण तुम्ही काढा, मग मी बोलतो.”

खरी गोष्ट इथून सुरू झाली. तलाठ्याकडच्या नकाशावर पाणंद म्हणजे दोन तुटक रेघा, चांगली गाडीवाट. जागेवर जेमतेम एका बैलगाडीपुरती. दोन्हीकडच्यांनी दरवर्षी नांगराचं एकेक तास आत सरकवलेलं. मागणारे आपण अन् अडवणारेही आपणच. चाळीस खातेदारांची संमतीपत्रं गोळा करायला उन्हाळा गेला. सगळ्यात शेवटी सही झाली ती काकूच्या सख्ख्या दिराची. दोघांचं बोलणं बंद होतं. काकू स्वतः गेली, ओट्यावर बसली, चहा मागितला. “धुऱ्यावरचा निंब तोडू नका, मंग काय करायचं ते करा,” एवढंच तो बोलला. आज रस्ता त्या निंबाला वळसा घालून जातो. इंजिनियर कुरकुरला, पण वळण राहिलं.

अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता यांत आणखी एक पावसाळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात दीड किलोमीटरवर खडी-मुरूम पडला. त्या दसऱ्याला ट्रॅक्टर पहिल्यांदा निंबापर्यंत आला, अन् अलीकडच्या लोकांचं सोयाबीन कोरडं घरी पोचलं. मंडपवाल्या दोघांपैकी एकाचं वावर त्यातच होतं. तो काही बोलला नाही. भाडं देऊन मळणीयंत्र मात्र सगळ्यांच्या आधी त्यानंच नेलं.

निंबाच्या पुढचा अर्धा किलोमीटर अजून काळा आहे. काकूचं वावर त्याच्याही टोकाला. तिचा माल अजून निंबापर्यंत डोक्यावरच येतो.